पारी वजा केल्यावर

कीश हा फ्रेंच पदार्थ पारीसह चांगला की पारीविना, हा वाद वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे. परंतु त्याच्या मुळाशी आशय आणि रूप यांच्या नात्याविषयीची एक समजूत दडलेली आहे, आणि ती आपल्याला वर्गातही रोज भेटते. म्हणून त्याविषयी थोडे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : कीश पारीसहच चांगला, किंबहुना पारीविना जे उरते तो कीशच नव्हे.

कीश हा ईशान्य फ्रान्समधील लोरेन प्रांताचा पदार्थ. मैदा, लोणी आणि थोडे पाणी यांची पारी लाटून ती उथळ साच्यात बसवायची, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे पसरायचे, त्यांवर अंडी आणि क्रीम फेटून ओतायचे व ओव्हनमध्ये भाजायचे. या अंडी-क्रीमच्या मिश्रणाला लोरेनमध्ये ‘मिगेन’ असे स्वतंत्र नाव आहे. सारणाला वेगळे नाव असताना सबंध पदार्थाला मात्र ‘कीश’ म्हणतात, आणि हा शब्द केक या अर्थाच्या जर्मन ‘कूखन’च्या स्थानिक रूपावरून आला असे मानले जाते. म्हणजे नावाची नाळ सारणाशी नव्हे, भाजलेल्या पिठाशी जुळलेली आहे. पारी काढून नाव तेवढे ठेवायचे, ही भाषेच्या दृष्टीनेही चमत्कारिक गोष्ट होय.

पारीविरोधकांचे म्हणणे असे की पारी हे केवळ भांडे आहे. खरी चव सारणात, तेव्हा साच्याला लोणी लावून मिश्रण थेट ओतले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. अंड्याचे मिश्रण मंद आचेवर हळूहळू जमले तरच मऊ राहते. पारी साच्याची धग थेट लागू देत नाही. ती नसली की मध्य जमेपर्यंत कडा चिवट होतात आणि मिश्रणाला पाणी सुटते. मग ते टाळण्यासाठी साचा गरम पाण्यात ठेवून भाजण्याचा उपाय करावा लागतो. म्हणजे पारीचे काम कुणाला तरी करावेच लागते. शिवाय मऊ सारणाची मऊपणाची जाणीव होते ती दातांखाली मोडणाऱ्या खुसखुशीत पारीमुळेच. पारी बहुधा ओली आणि गिच्च होते, ही तक्रार खरी आहे. पण तो पारी आधी कोरडी भाजून न घेणाऱ्याचा दोष आहे, पारीचा नव्हे. वाईट वृत्तबद्ध कविता वाचून कुणी वृत्तालाच दोष देऊ नये, तसेच हे.

याहून गंभीर आक्षेप इतिहासाचा आहे. लोरेनमध्ये जुना कीश पावाच्या कणकेवर होत असे. लोण्याची खुसखुशीत पारी नंतरची. मग मूळ रूप म्हणून आपण कशाचा कैवार घेतो आहोत? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. कणीक बदलली, पारी राहिली. रूप बदलू शकते. ते वजा करता येत नाही. कवी अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला तेव्हा त्यांनी वृत्ताचे बंधन सोडले, लय सोडली नाही. मुक्तछंद म्हणजे छंदाचा अभाव नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. ज्यांना गहू वर्ज्य आहे, त्यांनी तांदळाच्या पिठाची किंवा किसलेल्या बटाट्याची पारी करावी. तो कीशच राहील. आणि पारी नकोच असेल, तर अंड्याच्या त्या वडीसारख्या पदार्थालाही युरोपात मानाची जागा आहे. इटालियन लोक त्यांच्या बिनपारीच्या पदार्थाला ‘फ्रिताता’ म्हणतात आणि त्याला काही उणे आहे असे समजत नाहीत. अपुरा कीश म्हणवून घेण्यापेक्षा स्वतःच्या नावाने जगणे केव्हाही बरे.

आता वर्गाकडे वळतो. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी गाईडमधील कवितेचा सारांश वाचतात आणि कविता वाचली असे मानतात. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण आपल्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. ‘कवितेचा आशय स्पष्ट करा’ असे विचारणारे आपणच. त्या आशयाला हीच ओळ, हाच शब्दक्रम का लागला, हे आपण क्वचितच विचारतो. कवीने रूपाचे भांडे तयार केले आणि त्यात अर्थ ओतला, म्हणून तो चमच्याने काढून घेता येतो, अशी शिकवण आपण नकळत देत असतो. सारांशाचा उपयोग आहेच, पण त्याला सारांशच म्हणावे. पुढच्या प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न पारीविषयी असावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.