हसऱ्या चेहऱ्याची दंतकथा

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून एक गोष्ट बरीच वर्षे मोठ्या चवीने सांगितली जाते. वॉलमार्ट ही अमेरिकन दुकानसाखळी १९९७ साली जर्मनीत गेली. तिने दाराशी स्वागताला माणसे उभी केली, गल्ल्यावरच्या नोकरांना गिऱ्हाइकाकडे पाहून हसायला सांगितले, सकाळी कंपनीच्या नावाचा जयघोष करायला लावला. गंभीर प्रकृतीच्या जर्मनांना हे रुचले नाही आणि २००६ साली कंपनीने तिथला गाशा गुंडाळला. तात्पर्य असे की, परमुलखात जाताना तिथली संस्कृती अभ्यासून जावे.

यातले तपशील खोटे नाहीत. आमचा आक्षेप तात्पर्याला आहे. सुमारे एक अब्ज डॉलरचा फटका सोसून ८५ दुकाने मेट्रो या जर्मन कंपनीला विकावी लागतात, ती काय एका हास्यापायी? आल्डी व लिडल या स्वस्त मालाच्या साखळ्या तिथे आधीच पाय रोवून होत्या. नव्या पाहुण्याचे मुख्य हत्यार स्वस्ताईचेच. आणि २००० साली जर्मनीच्या मक्तेदारीविरोधी कार्यालयाने दूध, लोणी, साखर असे जिन्नस खरेदीच्या भावाखाली विकू नयेत, असे त्याला बजावले. हाच दंडक आल्डी व लिडल यांनाही लागू झाला. २००५ साली कंपनीने नोकरांसाठी आचारसंहिता काढली. सहकाऱ्यांतील प्रेमसंबंधांवर निर्बंध आणि एकमेकांच्या चुगल्या कळवण्यासाठी दूरध्वनी, अशी तिची कलमे. नोकरांच्या प्रतिनिधी मंडळाने दावा लावला आणि कामगार न्यायालयाने त्यांतली महत्त्वाची कलमे अवैध ठरवली.

दंतकथेतून नेमका हाच भाग गळतो. कायदा, कामगारांचे संघटित बळ आणि तोडीस तोड प्रतिस्पर्धी यांच्या जागी ‘जर्मनांचा स्वभाव’ येऊन बसतो. अर्थात तिथेही छोट्या दुकानदाराचा विजय झाला, असे आम्ही म्हणत नाही. एका बलाढ्याची दुकाने दुसऱ्याकडे गेली, इतकेच. पण बलाढ्यांनाही नियम होते.

संस्कृतीच जर आडवी येत असेल, तर मेक्सिकोत ती का आली नाही? तिथे १९९१ साली सिफ्रा या स्थानिक कंपनीचा हात धरून वॉलमार्ट शिरली आणि १९९७ साली तिचीच मालक झाली. २००४ साली तेओतिवाकानच्या सुमारे दोन हजार वर्षे जुन्या पिरॅमिडांजवळ तिच्या मालकीचे दुकान उघडले. लोकांनी निदर्शने केली. दुकान उघडायचे ते उघडलेच. त्या जागेचा नकाशा लाच देऊन बदलून घेतल्याचे वृत्त पुढे २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने दिले. पिरॅमिडांहून भक्कम सांस्कृतिक वारसा तो कोणता? पण दगड दावा लावत नाहीत.

हे आम्हांला का महत्त्वाचे वाटते? भारतात २०१२ साली बहुविध मालाच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला परवानगी मिळाली. त्या वेळच्या वादात आपल्याकडेही संस्कृतीचाच दिलासा पुढे केला गेला: कोपऱ्यावरचा वाणी घरोघरची माणसे ओळखतो, उधारीची वही ठेवतो, त्याला कोण हलवणार? २०१८ साली वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. त्या व्यवहाराबरोबर फोनपेही तिच्याकडे आली. वाणी आहे तिथेच आहे, वहीही आहे. फक्त त्याच्या गल्ल्यावर फोनपेची पाटी आली. संस्कृतीच्या दारावर पहारा बसवून आपण निजलो आणि पाहुणा आला तो वाण्याच्याच हातातल्या फोनमधून. २०१९ साली याच कंपनीने लाचलुचपतीच्या चौकशीत २८ कोटींहून अधिक डॉलर भरून अमेरिकन यंत्रणांशी तडजोड केली. त्या चौकशीतल्या देशांच्या यादीत मेक्सिको, ब्राझील आणि चीनच्या जोडीला भारतही होता. या वृत्तावर आपल्याकडे कितीशी चर्चा झाली?

‘संस्कृती’ हा शब्द आम्ही वर्गात रोज उच्चारतो, म्हणूनच त्याचा हा वापर आम्हांला खटकतो. जिथे कायद्याविषयी, मजुरीविषयी, भावाविषयी विचारायला हवे, तिथे हा शब्द पुढे करून प्रश्नच मिटवला जातो. जर्मनांना हसणे आवडत नव्हते की काय, हा प्रश्न करमणुकीचा आहे. भावाखाली विकणाऱ्याला कोणी रोखायचे आणि नोकराच्या वतीने न्यायालयात कोणी उभे राहायचे, हे प्रश्न पोटाचे आहेत. त्यांची उत्तरे लोकस्वभावात सापडत नाहीत. ती लिहून, लढून मिळवावी लागतात.