गिधाडांचा ताळेबंद

मेलेले जनावर कुजून रोगराई पसरण्याआधी त्याचा निकाल लावणे, हे काम भारतीय उपखंडात शतकानुशतके गिधाडांनी केले. मोठा थवा उतरला की गायीएवढ्या जनावराचे मांस तासाभरात संपते आणि मागे सांगाडा उरतो. भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात आणि त्यांच्यात कामाची वाटणी आहे. राजगिधाडाच्या दणकट चोचीला जाड कातडे फाडता येते. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे लांब, जवळजवळ पिसे नसलेली मान आत घालून मऊ मांस आणि आतडी ओढून काढतात. आकाराने लहान असलेले पांढरे गिधाड कडेला थांबून उरलेसुरले टिपते. हिमालयातले दाढीवाले गिधाड तर हाडे उंचावरून खडकावर टाकून फोडते आणि त्यांचे तुकडे गिळते.

आपल्याकडची गिधाडे अन्न शोधतात ती वासावरून नव्हे, नजरेने. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता ती तासन्‌तास घिरट्या घालतात. खालच्या मुलखाइतकेच त्यांचे लक्ष आकाशातल्या इतर गिधाडांवर असते. एक खाली झेपावले की दुसऱ्याला ते दिसते, दुसऱ्याचे तिसऱ्याला, आणि बघता बघता कित्येक किलोमीटरच्या परिसरातली गिधाडे एकाच जनावरावर जमतात. जठरातल्या आम्लाची तीव्रता इतकी, की त्याचा सामू १ च्या आसपास असतो. काळपुळीसह अनेक रोगांचे जंतू त्यात टिकत नाहीत. जे मांस माणसाला वा कुत्र्याला आजारी पाडील, ते गिधाड सहज पचवते. एकाच जनावरावर अख्खा थवा जमण्याची हीच सवय पुढे त्यांच्या मुळावर आली.

या पक्ष्यांवर गावगाड्याची एक अख्खी व्यवस्था उभी होती. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेले जाई, कातडे सोलले जाई, मग गिधाडे उतरत. हाडे वाळली की ती गोळा होऊन खताच्या आणि जिलेटिनच्या कारखान्यांकडे जात. ढोरे ओढण्याचे काम जातिव्यवस्थेने ठरावीक समाजांवर लादले होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या १९२७ च्या परिषदेच्या काळातच ते सोडून देण्याची हाक दिली होती. गिधाडे गेल्यावर सडत्या मढ्यांचा त्रास सर्वात आधी सोसावा लागला तो ज्यांची पोटे अजून या कामावर होती त्यांना आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. बहुतेक राज्यांत गोहत्येला बंदी असल्याने यातली असंख्य जनावरे वयाने वा आजाराने मरतात. मेलेल्या जनावरांचा इतका मोठा भार दुसऱ्या कोणत्याही देशाने पक्ष्यांवर सोपवला नसेल.

१९९० च्या दशकात हे पक्षी पाहता पाहता नाहीसे झाले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ही घट नोंदवली. घरटी रिकामी पडत होती, आणि जिवंत पक्षी मान खाली घालून दिवसदिवस फांदीवर बसलेले आढळत होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांचीही सुमारे ९७ टक्के घट झाली. हजारात एक पक्षी उरणे, ही पक्ष्यांच्या इतिहासातल्या सर्वात वेगवान ऱ्हासांपैकी एक घटना होय.

आधी संशय विषाणूवर होता. खरे कारण सापडले ते पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे उघडून पाहिली, तेव्हा अनेकांच्या यकृतावर आणि हृदयावर यूरिक आम्लाचा पांढरा थर बसलेला होता. मूत्रपिंडे निकामी झाली की पक्ष्याच्या शरीरात असे घडते. अशा प्रत्येक पक्ष्याच्या ऊतींत डायक्लोफिनॅक सापडले आणि मूत्रपिंडे शाबूत असलेल्यांत ते नव्हते. हा निष्कर्ष २००४ च्या आरंभी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. डायक्लोफिनॅक हे माणसांच्या सांधेदुखीवरचे साधे, परिचित वेदनाशामक. १९९० च्या दशकात त्याचे पेटंट संपले, भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात बनवायला सुरुवात केली आणि ते जनावरांच्या औषधांत आले. बैल लंगडू लागला, गायीला दगडी झाली, अंगात ताप भरला, की एक इंजेक्शन पुरे. शेतकऱ्याने किंवा पशुवैद्यकाने यात काहीही वावगे केले नव्हते. दुखणाऱ्या जनावराला आराम मिळत होता आणि बाटली परवडत होती. ते जनावर दोन-तीन दिवसांत मेले, तर मात्र त्याच्या मांसातला अंश खाणारी गिधाडे त्यानंतरच्या काही दिवसांत मरत. गणित मांडल्यावर दिसले, की शंभर मढ्यांपैकी एखाद्यातही प्राणघातक प्रमाणात औषध असले तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, कारण त्या एका मढ्यावर डझनावारी पक्षी जेवतात.

गिधाडे गेली, मढी मात्र येतच राहिली. त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली जाऊ लागली. कुत्र्याला मढे साफ करता येत नाही. ते लचके तोडून बाकीचे सडू देते, आणि त्याच्याबरोबर रेबीज येतो. रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गिधाडे नसल्याने मेलेली जनावरे नदी-नाल्यांत लोटली जाऊ लागली आणि पिण्याचे पाणी दूषित झाले. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शतकांची अंत्यविधीची पद्धत टिकवण्यासाठी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

या सगळ्याची किंमत आकड्यांत मांडण्याचा सर्वात गंभीर प्रयत्न एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला; तो २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. त्यांनी पूर्वी भरपूर गिधाडे असलेले जिल्हे आणि मुळातच गिधाडांना न मानवणारे जिल्हे यांची तुलना केली. औषध स्वस्त होईपर्यंत दोन्हीकडचे मृत्यूदर साधारण एकाच चालीने बदलत होते. गिधाडे नाहीशी झाल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून अधिक वाढले, आणि जनावरे भरपूर असलेल्या शहरी भागांत ही वाढ अधिक ठळक होती. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज. त्याचे आर्थिक नुकसान वर्षाला सुमारे ६९.४ अब्ज डॉलर, म्हणजे आजच्या दराने साडेपाच लाख कोटी रुपयांहून अधिक. माणसाच्या आयुष्याचे पैशात मोल करणे अनेकांना रुचत नाही, आणि तो संकोच रास्त आहे. मात्र पाच लाख या संख्येला अशा कोणत्याही रूपांतराची गरज नाही. ती माणसे होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी गिधाडांशी या मृत्यूचा काही संबंध आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसणार.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गिधाडाच्या कामाची नोंद कधी झालीच नाही, कारण त्याला मजुरी द्यावी लागत नव्हती. नगरपालिकेने मढी वाहायला ट्रक घेतला, दाहिनी उभारली, दवाखान्याने रेबीजची लस विकत घेतली, की त्या प्रत्येक खर्चाने राष्ट्रीय उत्पन्न वाढलेले दिसते. तोटा झाला तरी वही नफाच दाखवते. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये भारतासाठी हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा दिला होता तो नेमका हा दोष दूर करण्यासाठी. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये परिसंस्थांच्या हिशेबाची पद्धत मान्य केली, आणि भारताचे सांख्यिकी मंत्रालयही पर्यावरणाची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. ही आकडेवारी अर्थसंकल्पाच्या टेबलावर पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

स्पेनने हा धडा वेगळ्या वाटेने घेतला. तिथे गिधाडे मुबलक, पण गायींतल्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने युरोपीय संघाने शतकाच्या सुरुवातीला मेलेली गुरे रानात टाकण्यास मनाई केली. जे पक्षी फुकट करत होते ते ट्रकने होऊ लागले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वाहतुकीतून वर्षाला ७७ हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन होत असल्याचे दिसले. शेतकऱ्यांच्या आणि सरकारच्या खिशातून विम्यापोटी जाणारे कोट्यवधी डॉलर वेगळेच. २०११ नंतर नियम शिथिल झाले. तरी त्याच स्पेनने २०१३ मध्ये, भारतातला अनुभव सर्वांसमोर असताना, जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली आणि पुढे तिथे या औषधाने मेलेले गिधाड सापडले.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. हे पाऊल मोठे होते आणि वेगानेही पडले. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या दुकानात मिळतच होत्या. एक कुपी एका म्हशीला पुरते. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली, आणि त्या आदेशाला कंपन्यांनी न्यायालयात दिलेले आव्हान २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फेटाळले. तोवर बाजार दुसऱ्या औषधांकडे वळला होता. अ‍ॅसिक्लोफिनॅक गायीच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते. म्हणजे बंदी असलेले विष वेगळ्या लेबलने विकले जात होते. किटोप्रोफेनही गिधाडांना मारक ठरले. बांगलादेशाने त्यावर २०२१ मध्ये बंदी घातली, भारताने या दोन्हींवर २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. प्रत्येक वेळी आधी विक्री, मग मेलेले पक्षी, मग वर्षानुवर्षांचा अभ्यास, आणि शेवटी अधिसूचना.

हा क्रम उलटा करायला हवा. जनावरांसाठीच्या वेदनाशामकाला परवाना देण्याआधी ते गिधाडांना सुरक्षित आहे हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, आणि त्या चाचणीचा खर्चही कंपनीनेच सोसला पाहिजे. केंद्राच्या २०२० ते २०२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यातही ही दिशा आहे. चाचणीचे ज्ञान आणि सोय देशात आहे. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने अशा चाचण्या केल्या आहेत. शेतकऱ्याची गैरसोय होईल हा आक्षेपही टिकत नाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले, ते भारतात बनते, स्वस्त आहे आणि जनावराला उपयोगी पडते. टॉल्फेनॅमिक आम्ल हा दुसरा सुरक्षित पर्याय आहे. गायीचा ताप उतरवायला गिधाड मारावे लागत नाही.

महाराष्ट्रात अजून गिधाडे आहेत. रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात, तर नाशिकच्या डोंगररांगांत कड्यांच्या कपारींत लांब चोचीची. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायूचे स्थान म्हणून भाविक येतात, आणि त्याच जिल्ह्याच्या कड्यांवर जटायूचे वंशज तग धरून आहेत. हरसूलजवळ आणि गडचिरोलीच्या काही गावांत वनविभागाने औषधमुक्त मढी ठेवण्याच्या जागा केल्या, आणि गावकऱ्यांनी त्या चालवल्या. हरियाणातल्या पिंजोर केंद्रात वाढवलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच इथे आणण्यात आली. नेपाळात दशकभरापूर्वीच संख्या सावरू लागल्याच्या खुणा दिसल्या होत्या; तिथे गावांनीच औषध दुकानांतून बाद केले आणि मेलॉक्सिकॅम वाटले.

सावरण्याचा वेग मात्र फार मंद राहणार. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला साधारण पाच वर्षे लागतात. एका जोडीने आपली जागा भरून काढायला दशक उलटते; मारायला एक मढे पुरते. शिवाय गिधाड अभयारण्याची सीमा मानत नाही. ताडोब्यात सोडलेला एक पक्षी काही महिन्यांत अनेक राज्ये ओलांडून तमिळनाडूत पोहोचला. त्यामुळे जंगलातल्या कुंपणापेक्षा तालुक्याच्या बाजारातले औषधाचे दुकान या पक्ष्याचे भवितव्य जास्त ठरवते. अन्न व औषध प्रशासनाने बंदी असलेली औषधे आणि माणसांच्या कुप्यांची जनावरांसाठी होणारी विक्री नियमित तपासावी. पशुसंवर्धन विभागाने दरवर्षी मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने तपासून त्यांचे निकाल जिल्हावार जाहीर करावेत. कोणत्या बाजारात विष अजून फिरते आहे, हे पक्षी मरण्याआधी कळण्याचा तोच मार्ग आहे.