पाळण्याचा पाया कोणी घालायचा?

राजकोटच्या गेमझोनला मे २०२४ मध्ये आग लागून २७ जणांचा बळी गेला आणि तीनच महिन्यांत तिथला जन्माष्टमीचा लोकमेळा आला. त्यामुळे प्रशासनाने मोठ्या पाळण्यांना काँक्रीटचा पाया, मातीची तपासणी अशा अटी घातल्या. पाच दिवसांच्या जत्रेसाठी हे परवडत नाही, असे पाळणेवाले म्हणाले. पुढच्या वर्षीही हीच ओढाताण झाली. खरे तर दोघांचेही म्हणणे चूक नव्हते. पाळणा सुरक्षित हवाच; पण त्याचा खर्च कोणाच्या माथी मारायचा, हे ज्यात ठरते, त्या जागेच्या लिलावाकडे कोणी पाहत नाही.

सोलापूरची गड्डा यात्रा असो की एखाद्या गावचा उरूस, पाळणेवाल्याचे गणित एकच. ट्रकभाडे, जनरेटरचे डिझेल, कामगारांची पोटे आणि पावसाळ्यात गंजत पडलेले यंत्र, हे सारे मोजक्या संध्याकाळच्या गल्ल्यातून निघायला हवे. त्यात एक अवकाळी सर आली की कमाई बुडाली; जागेचे पैसे मात्र आधीच मोजलेले. जिथे अख्खे मैदान सर्वाधिक बोलीला जाते, तिथे ठेकेदार आपला नफा चढवून तुकडे वाटतो. तिकीट वाढवावे तर चार पोरांचा बाप पाळण्याकडे नुसता पाहून पुढे जातो. मग काटकसर कुठे करायची? गर्दीच्या रात्री फेरी आखूड होते, त्याने फारसे बिघडत नाही. पण भुसभुशीत मातीत पायाखाली लाकडी ठोकळे सरकवून पाळणा समतल करणे, झिजलेल्या पिनवर आणखी एक जत्रा काढणे, हाही त्याच हिशेबाचा भाग होऊन बसतो.

लिलाव बंद केला तर पाणी, शौचालये, सफाई कशातून करायची, हा नगरपालिकांचा प्रश्न रास्त आहे. पण दर ठरवून, यंत्र तपासलेल्या मालकांनाच जाहीर सोडतीने थेट जागा दिली, तर आधी मधल्याचा वाटा जाईल. पालिकेला झळ बसलीच तर त्यानंतर. दर ठरवला की वशिला शिरतो म्हणाल, तर लिलावात साटेलोटे होत नाही असे कोण छातीठोकपणे सांगेल? काहींना जत्रेतले पाळणेच नकोत, मनोरंजन उद्याने आहेत की! खोपोलीच्या इमॅजिकाचे तिकीट हजाराच्या पुढे आहे, आणि मुंबईचे एस्सेलवर्ल्डही २०२२ मध्ये बंद पडले. सुगीचा पैसा हाती असताना जत्रा दारात येते; उद्यानापर्यंत जायला एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज दोन्ही मोजावे लागतात.

राहिला पायाचा प्रश्न. सोलापूरच्या होम मैदानासारख्या जागी जत्रा दरवर्षी भरते. तिथे जमिनीच्या पातळीतले काँक्रीटचे चौथरे जागामालकाने एकदाच घालावेत, म्हणजे एरवीच्या खेळांनाही अडथळा नको. यंत्राची सखोल तपासणी वर्षातून एकदा होऊन तिची नोंद राज्यभर चालावी. गावोगावच्या अभियंत्याने फक्त जोडणी पाहून, रिकाम्या पाळण्याच्या फेऱ्या घेऊन सही करावी.