पीटीचा तास खरंच होतो का? हे तपासायला युरोपातली विद्यापीठं आणि शिक्षक संघटना एकत्र आल्यात

शाळेचं वेळापत्रक आठवा. त्यात आठवड्याला दोन-तीन तास पीटीचे असायचे. आता त्यातले प्रत्यक्षात किती झाले तेही आठवा. गणिताचा पोर्शन राहिलाय, पाऊस आलाय, सर इलेक्शन ड्युटीवर गेलेत, मैदानावर मांडव पडलाय. कारण कुठलंही असो, पहिला बळी पीटीच्या तासाचाच.

आपल्याला वाटतं की हे फक्त आपल्याकडेच चालतं. युरोपात कसं, हिरवीगार मैदानं, इनडोअर जिम, पोहण्याचे तलाव, तिथं कोण पीटीचा तास खाणार?

पण तिथंही खातात. एवढंच नाही, तर तास कुठं, किती आणि कसा खाल्ला जातो हे मोजण्यासाठी तिथली विद्यापीठं आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या संघटना एकत्र येऊन काम करतायत. हे काम नेमकं काय आहे, ते का करावं लागलं आणि त्यातून हाती काय लागलं, हे समजून घेऊ.

कागदावर सगळं ठीक

युरोपियन युनियनसाठी शिक्षणाची माहिती गोळा करणारं युरिडिस नावाचं एक जाळं आहे. त्यांनी २०१३ मध्ये ३० देशांतल्या शाळांमधल्या शारीरिक शिक्षणावर अहवाल काढला. त्यात दिसलं की हा विषय सगळीकडे सक्तीचा आहे. पण सक्ती म्हणजे किती? इथं खरी गंमत आहे. २०११-१२ या वर्षात फ्रान्समध्ये प्राथमिकच्या मुलांसाठी वर्षाला १०८ तास होते, तर आयर्लंडमध्ये फक्त ३७. माध्यमिकमध्ये फ्रान्स आणि ऑस्ट्रिया शंभरीच्या पुढे, आणि स्पेन, माल्टा, तुर्की २४ ते ३५ तासांवर.

म्हणजे विषय एकच, सक्तीही एकच, पण एका देशातलं पोर दुसऱ्या देशातल्या पोराच्या तिप्पट वेळ मैदानावर.

आणि हे झाले कागदावरचे तास. प्रत्यक्षात किती होतात हा त्याच्या पुढचा प्रश्न. मँचेस्टर विद्यापीठातले केन हार्डमन यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत जगभरातल्या शारीरिक शिक्षणाची अनेक वर्षं पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष साधा होता. कायदा एक सांगतो आणि शाळेत होतं दुसरंच. तास दुसऱ्या विषयाला दिला जातो, जिममध्ये परीक्षा घेतल्या जातात, आणि प्राथमिकला तर हा विषय शिकवायला वेगळं प्रशिक्षण घेतलेला शिक्षक अनेक ठिकाणी नसतोच.

आता तुम्ही म्हणाल, एक तास बुडला तर बिघडलं कुठं? पोरं संध्याकाळी खेळतीलच की. तर याच विषयावर बोलताना युरोपियन कमिशननं सांगितलं होतं की शाळकरी मुलांपैकी ८० टक्क्यांपर्यंत मुलं शारीरिक हालचाल फक्त शाळेतच करतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं हालचाल हवी. ज्या घरात क्लबची फी भरता येते तिथलं पोर बाहेर कुठंतरी खेळेल. ज्या घरात ते जमत नाही, त्या पोराचा व्यायाम म्हणजे शाळेतला तोच एक तास. तो गेला की सगळंच गेलं.

मग विद्यापीठ आणि संघटना दोघंही कशाला?

कारण दोघांकडंही अर्धीअर्धीच ताकद आहे.

विद्यापीठाकडं मोजमाप आहे. कुठली चाचणी कुठल्या वयाला योग्य, आकडे कसे घ्यायचे, त्यांचा अर्थ कसा लावायचा हे त्यांना कळतं. पण विद्यापीठातला प्राध्यापक एखाद्या खेड्यातल्या शाळेत जाऊन ‘तुमचा तास होतो का हो?’ असं विचारायला लागला, तर त्याला खरं उत्तर मिळेलच असं नाही.

शिक्षक संघटनेचं उलटं आहे. तिच्याकडं माणसं आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या शाळेत काय चाललंय हे तिला माहीत असतं. पण ती सरकारकडं गेली की अधिकारी म्हणतात, ‘तुम्ही तुमच्या नोकऱ्यांसाठीच बोलणार.’ पुराव्याशिवाय तिचं म्हणणं म्हणजे नुसती मागणी ठरते.

म्हणून जोडी जमली. देशोदेशीच्या शिक्षक संघटनांची मिळून एक युरोपियन संघटना आहे, युरोपियन फिजिकल एज्युकेशन असोसिएशन. तिला थोडक्यात ‘युपिया’ म्हणतात. ती १९९१ मध्ये स्थापन झाली. पुढं २०१४ पासून युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस योजनेत खेळासाठी वेगळा निधी आला आणि अशा एकत्र कामाला पैसा मिळायला लागला.

पोर्तुगालमध्ये काय झालं होतं?

हे सगळं एवढं गरजेचं का वाटलं, हे समजायला पोर्तुगालचा किस्सा बघावा लागतो.

२०१२ मध्ये तिथल्या सरकारनं ठरवलं की उच्च माध्यमिकला शारीरिक शिक्षणाचे मार्क विद्यापीठ प्रवेशाच्या सरासरीत धरायचे नाहीत. अपवाद फक्त त्याच क्षेत्रात पुढं जाणाऱ्यांचा. विषय बंद केला नाही, तास सुरूच होते. पण ज्या विषयाचे मार्क धरत नाहीत त्याचं पुढं काय होतं, हे दहावी-बारावी केलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या संघटनांनी याला विरोध केला आणि विद्यापीठातली मंडळीही सोबत उभी राहिली. हे प्रकरण बरीच वर्षं चाललं. शेवटी २०१८ च्या नव्या कायद्यानं हे मार्क पुन्हा सरासरीत आले.

आता योगायोग म्हणा किंवा काही म्हणा, त्याच २०१८ मध्ये लिस्बन विद्यापीठाच्या मानवी हालचालींचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेच्या पुढाकारानं एक मोठा प्रकल्प सुरू झाला. नाव, युरोपियन फिजिकल एज्युकेशन ऑब्झर्व्हेटरी. मराठीत सांगायचं तर शारीरिक शिक्षणावर नजर ठेवणारी वेधशाळा. त्यात वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं होती, त्या देशांतल्या शिक्षक संघटना होत्या आणि युपियाही होती.

या वेधशाळेनं तीन पातळ्यांवर मोजायची साधनं बनवली. पहिलं देशासाठी: कायदा काय सांगतो, तास किती, शिक्षकाची पात्रता काय. दुसरं शाळेसाठी, म्हणजे शाळेनं स्वतःच स्वतःला तपासायचं. आणि तिसरं थेट मुलांसाठी एक प्रश्नावली. सरकार एक सांगतंय, शाळा दुसरं सांगतीये आणि पोरं तिसरंच सांगतायत, असं झालं तर ते तिथंच उघडं पडावं, हा यामागचा फायदा.

दोन महिने शाळा बंद, आणि आकडे बोलले

मोजण्यानं खरंच काही फरक पडतो का? याचं सगळ्यात चांगलं उत्तर स्लोव्हेनिया देतो.

जेमतेम २१ लाख लोकसंख्येचा हा देश. तिथं १९८० च्या दशकापासून ‘स्लोफिट’ नावाची व्यवस्था आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये पालकांच्या संमतीनं शाळकरी मुलांच्या चाचण्या होतात. उंची, वजन आणि त्वचेखालची चरबी ही तीन मापं आणि आठ शारीरिक चाचण्या. त्यात उभ्यानं लांब उडी, ६० मीटर, ६०० मीटर धावणं वगैरे येतं. चाचण्या घेतात शाळेतलेच शिक्षक आणि विश्लेषण करतं लुब्लियाना विद्यापीठाची क्रीडा विद्याशाखा. दरवर्षी दोन लाखांहून जास्त मुलांची नोंद होते.

म्हणजे आज तिथं ज्या आईबापांची पोरं शाळेत आहेत, त्यातल्या अनेकांचे स्वतःच्या लहानपणीचे आकडेही जमा आहेत.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळं शाळा बंद झाल्या. साधारण दोन महिन्यांनी मुलं परत यायला लागली. जूनमध्ये स्लोफिटच्या टीमनं सुमारे २० हजार मुलांच्या चाचण्या घेतल्या. निकाल बघून सगळे हादरले. मोजायला सुरुवात केल्यापासून मुलांच्या क्षमतेत इतकी मोठी घसरण कधीच दिसली नव्हती.

लॉकडाऊनमध्ये पोरं जाड झाली, आळशी झाली, असं जगभरात सगळेच म्हणत होते. पण किती, कुठल्या वयाची, कुठल्या क्षमतेत, हे आकड्यानिशी सांगू शकणारे देश फार थोडे होते. स्लोव्हेनिया सांगू शकला, कारण त्याच्याकडं आधीच्या तीन दशकांचा हिशोब होता. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो म्हणतात ना, तसं हे.

पुढं याच लुब्लियाना विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘फिटबॅक’ नावाचं युरोपियन जाळं उभं राहिलं. ३४ देशांतल्या ६ ते १८ वयाच्या मुलांचे सुमारे ८० लाख चाचणी निकाल एकत्र केले गेले. त्यावरून वय आणि लिंगानुसार तुलनेची मापं तयार झाली. त्यामुळं आता एखादा शिक्षक आपल्या विद्यार्थ्याची लांब उडी किंवा हाताच्या पकडीची ताकद टाकून बघू शकतो, की युरोपातल्या त्याच वयाच्या मुलांच्या तुलनेत हे पोर कुठं आहे.

पण मोजमापाची दुसरी बाजूही आहे

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, सगळ्यांनी चाचण्या घ्याव्यात. पण ज्या पोराला वर्गासमोर पळायला लावल्यावर सगळे हसले असतील, त्याला विचारा. चाचणी चुकीच्या पद्धतीनं घेतली तर ती पोराला मैदानाजवळ आणण्याऐवजी कायमची लांब पळवते. यावर अभ्यासकांमध्येही वाद आहेत.

फिनलंडनं यातून एक मार्ग काढला. तिथं २०१६ पासून पाचवी आणि आठवीच्या मुलांसाठी ‘मूव्ह’ नावाची देशव्यापी चाचणी आहे. ती युवास्क्युला विद्यापीठात तयार झाली. पण तिच्या निकालावर मार्क दिले जात नाहीत. निकाल जातो शाळेच्या आरोग्य तपासणीकडं. म्हणजे पोराचा नंबर कितवा आला याच्याशी घेणंदेणं नाही, त्याला मदत कुठं हवी हे बघायचं.

दुसरा धोका हंगेरीत दिसला. तिथं सरकारनं २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं आठवड्याला पाच तास शारीरिक शिक्षण सक्तीचं केलं. शालेय क्रीडा महासंघानं अमेरिकेतल्या कूपर इन्स्टिट्यूटच्या मदतीनं ‘नेटफिट’ ही राष्ट्रीय चाचणी बनवली आणि २०१४-१५ पासून ती शाळांमध्ये आली. निर्णय धाडसी होता. पण तास वाढले, जिम काही एका रात्रीत वाढल्या नाहीत. काही शाळांना व्हरांड्यात तास घ्यायची वेळ आली. तास मोजले की तास वाढतात. पण तासाचा दर्जा वाढायला जागा लागते, शिक्षक लागतो आणि पैसा लागतो.

आणि खरी मेख इथं आहे

युरोपियन युनियन कुठल्याही देशाला ‘इतके तास पीटी घ्या’ असा आदेश देऊ शकत नाही. २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारानं खेळ हा विषय युनियनच्या कक्षेत आणला, पण फक्त मदत आणि समन्वयापुरता. अभ्यासक्रम ठरवायचा अधिकार प्रत्येक देशाकडंच आहे. म्हणजे विद्यापीठं आणि संघटना मिळून कितीही चांगलं साधन बनवोत, ते वापरायचं की कपाटात ठेवायचं हे त्या त्या देशाचं शिक्षण खातं ठरवणार.

वर हे प्रकल्प साधारण दोन-तीन वर्षांचे असतात. निधी संपतो, अंतिम परिषद होते, फोटो निघतात. मग जिथं संघटना मजबूत आहे तिथं काम पुढं चालतं आणि जिथं नाही तिथं अहवालावर धूळ बसते. स्लोफिट टिकलं ते प्रकल्प म्हणून नाही, तर दरवर्षीच्या शाळेच्या कामाचा भाग झालं म्हणून. या सगळ्या खटाटोपाचा सगळ्यात मोठा धडा हाच.

आपल्या मातीचा आणि युरोपचा या बाबतीत एक जुना संबंधही आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. तेव्हा युरोप आपला मल्लखांब बघत होता. आज आपल्याला त्यांच्याकडून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ही सवय: तास झाला की नाही हे कुणीतरी लिहून ठेवतं, आणि लिहिलेलं कुणीतरी दरवर्षी वाचतं.

वेळापत्रकात तास असणं आणि पोराला तो मिळणं यात किती अंतर आहे, हे युरोपातल्या श्रीमंत देशांनाही मोजल्याशिवाय कळलं नाही. तुमच्या घरातलं पोर आज शाळेतून आलं की एकच प्रश्न विचारून बघा. या आठवड्यात पीटीचे तास किती होते, आणि मैदानावर किती झाले?