विश्लेषण : अल्झायमरचे मूळ पेशींच्या ‘वीजघरा’त आहे का? मायटोकॉन्ड्रिया वाचवले तर स्मृती वाचेल?

अल्झायमरवरील संशोधन गेली तीन दशके प्रामुख्याने मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाभोवती फिरत राहिले. ते प्रथिन काढून टाकणारी औषधे अखेर आली, मात्र त्यांचा परिणाम मर्यादित आहे. लेकानेमॅबच्या १,७९५ जणांवरील चाचणीत १८ महिन्यांनंतर आजार बळावण्याचा वेग २७ टक्क्यांनी कमी दिसला. ही टक्केवारी मोठी वाटते. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी, ०.४५ इतकाच होता. शिवाय मेंदूला सूज येण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागते. त्यामुळे चेतापेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाकडे, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिकांकडे, संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले आहे. हा मार्ग नवा नाही. यापूर्वी तो एकदा मोठ्या आशेने चोखाळला गेला आणि तितक्याच मोठ्याने फसला.

चेतापेशींनाच ऊर्जेची चणचण का भासते?

मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. चेतापेशीची रचनाही अडचणीची. काही पेशींचे तंतू तर जवळपास मीटरभर लांब असतात आणि ऊर्जेची गरज सर्वाधिक असते ती तंतूच्या टोकाशी, जिथे एक पेशी दुसरीला संदेश देते. मायटोकॉन्ड्रियांना पेशीतील सूक्ष्म नळ्यांवरून तिथपर्यंत वाहून न्यावे लागते. फीडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात व्होल्टेज आधी पडतो, तसेच इथे होते. पुरवठा कमी पडू लागला की पेशी लगेच मरत नाही. आधी टोकाकडचे जोड निकामी होतात. अल्झायमरमध्ये स्मरणशक्तीच्या ऱ्हासाशी अधिक घट्ट नाते आहे ते हे जोड तुटण्याचे. अमायलॉइड किती साचले, याच्याशी ते तितके घट्ट नाही.

मायटोकॉन्ड्रियांचे काम केवळ ऊर्जानिर्मितीचे नाही. पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण आटोक्यात ठेवणे, पेशीने कधी मरायचे हे ठरवणे, हेही त्यांच्याकडेच असते. खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया पेशी स्वतः मोडून काढते. अल्झायमरमध्ये ही साफसफाईही मंदावते. चेतापेशी आयुष्यभर टिकायच्या असल्याने हा कचरा साचत जातो.

पण हे कारण आहे की परिणाम?

खरा वाद इथेच आहे. पेट स्कॅनमध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो, काहींमध्ये तर लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी. अमेरिकेतील संशोधक रसेल स्वर्डलो आणि शहरयार खान यांनी २००४ मध्ये मांडले, की उतारवयात होणाऱ्या अल्झायमरमध्ये मायटोकॉन्ड्रिया आधी बिघडतात आणि अमायलॉइड हा त्याचा पुढचा परिणाम. उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच सरळ आहे : अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनेच मायटोकॉन्ड्रियांना इजा करतात, त्यामुळे बिघाड दिसणारच. मरू घातलेल्या पेशीत वीजघर बंद पडलेले आढळले, एवढ्यावरून तेच कारण ठरत नाही.

या वादात ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगाला महत्त्व आहे ते यामुळे. फ्रान्समधील बोर्दो आणि कॅनडातील मॉन्क्टन येथील संशोधकांनी मायटोकॉन्ड्रियांमध्ये बसेल असा एक कृत्रिम ग्राही तयार केला. ठरावीक औषध दिले की तो सुरू होतो आणि मायटोकॉन्ड्रियांचे काम वाढते. स्मृतिभ्रंशाच्या उंदरांमध्ये तो सुरू केल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. याच गटातील संशोधकांनी २०१६ मध्ये उलटी बाजू दाखवली होती : गांजातील घटकांसारखी रसायने मेंदूतील मायटोकॉन्ड्रियांचे काम मंदावतात आणि त्यामुळे उंदीर शिकलेले विसरतात. बटण बंद केले की स्मृती जाते, सुरू केले की परत येते, हा केवळ सहसंबंध नव्हे. अर्थात उंदरांमध्ये अल्झायमर ‘बरा’ करणाऱ्या प्रयोगांची यादी मोठी आहे, माणसांत यशस्वी ठरलेल्यांची अगदीच छोटी.

डायमेबॉनची गोष्ट काय सांगते?

डायमेबॉन हे रशियात १९८३ पासून वापरले जाणारे ॲलर्जीवरील जुने औषध. ते मायटोकॉन्ड्रियांचे रक्षण करते, असे प्रयोगशाळेत दिसले. रशियातील १८३ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. औषध घेणाऱ्यांची स्मरणशक्ती केवळ टिकली नव्हती, तर सुरुवातीपेक्षा सुधारली होती. अल्झायमरमध्ये असे फारसे कुणी पाहिले नव्हते. काही आठवड्यांतच फायझरने मेडिव्हेशन या छोट्या अमेरिकी कंपनीशी करार करून २२.५ कोटी डॉलर आगाऊ मोजले.

मार्च २०१० मध्ये ५९८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. औषध आणि साधी, निष्क्रिय गोळी यांच्यात काहीही फरक नव्हता. मेडिव्हेशनचा शेअर एका दिवसात सुमारे दोनतृतीयांश कोसळला. जानेवारी २०१२ मध्ये आणखी एक चाचणी फसली आणि औषध गुंडाळले गेले. (मेडिव्हेशन मात्र प्रोस्टेट कर्करोगाच्या औषधावर तरली आणि २०१६ मध्ये त्याच फायझरने ती सुमारे १,४०० कोटी डॉलरना विकत घेतली.)

अपयशाचे खापर मायटोकॉन्ड्रियाच्या सिद्धान्तावर फोडणे सोपे होते, पण तेही अर्धवट ठरते. चाचणीत मोजले गेले ते स्मरणचाचणीचे गुण आणि डॉक्टरांनी नोंदवलेला एकूण बदल. रुग्णांच्या मेंदूतील मायटोकॉन्ड्रियांचे काम सुधारले की नाही, हा यशाचा निकषच नव्हता. त्यामुळे सिद्धान्त चुकला की औषध लक्ष्यापर्यंत पोहोचलेच नाही, हे त्या चाचण्यांतून कळले नाही. पुढच्या औषधांना हीच चूक परवडणार नाही.

वेग वाढवायचा की कमी करायचा?

गंमत म्हणजे दिशेवरही एकमत नाही. बोर्दोचा गट मायटोकॉन्ड्रियांचा वेग वाढवतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युजीनिया त्रुशिना यांचा गट मात्र ऊर्जानिर्मितीच्या पहिल्या टप्प्याला किंचित लगाम घालणाऱ्या रसायनावर काम करतो. हा सौम्य ताण पेशीची स्वसंरक्षण यंत्रणा जागी करतो, असे त्यांचे म्हणणे आणि त्यांच्या उंदरांतही फायदा दिसला. तिसरा मार्ग खराब मायटोकॉन्ड्रियांची साफसफाई वाढवण्याचा.

दुकानातील गोळ्यांचे काय?

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. घरातले माणूस डोळ्यांदेखत हरवत असताना कुटुंबे काहीही करून पाहायला तयार असतात. ‘मायटोकॉन्ड्रियांना बळ’ असे सांगणारे को-एन्झाइम क्यू-१० औषधांच्या दुकानात सहज मिळते. मात्र पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना औषधासारख्या चाचण्यांतून जावे लागत नाही.

ज्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल उत्साह वाढवणारे नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेत ७८ अल्झायमर रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी झाली. क्यू-१० घेणाऱ्यांच्या मेंदूजलातील निर्देशकांत फरक पडला नाही. ई व क जीवनसत्त्व आणि अल्फा लिपोइक ॲसिड एकत्र घेणाऱ्या गटात पेशींना होणारी एक प्रकारची इजा कमी दिसली, पण त्यांचे स्मरणचाचणीचे गुण इतरांपेक्षा वेगाने घसरले. पार्किन्सनमध्ये ६०० रुग्णांना क्यू-१० मोठ्या मात्रेत देऊनही लाभ दिसला नाही.

बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी मायटोकॉन्ड्रियांवर काम करणाऱ्या एलामिप्रेटाइडला अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये सवलतीच्या प्रक्रियेतून मंजुरी दिली. पण त्या आजारात दोष थेट मायटोकॉन्ड्रियांच्या आवरणातील घटकाचा आहे, हे नक्की माहीत आहे. अल्झायमरमध्ये तसे नाही.

बोर्दोचा ग्राही माणसाच्या मेंदूत बसवता येणार नाही. ते संशोधनाचे हत्यार आहे. त्यांच्या उंदरांमध्ये स्मृती सुधारली, ती मायटोकॉन्ड्रियांना तात्पुरती चालना मिळाल्यावर. ही चालना सतत दिल्यास चेतापेशींचा मृत्यू लांबतो का, हे आता हा गट तपासत आहे.