मुलाला कोणत्या शाळेत घालावे?

जून जवळ आला की गेटवर, कँटीनमध्ये एकच चर्चा सुरू होते. मुलाला सरकारी शाळेत घालायचे की खाजगी? पतपेढीकडे येणारे कर्जाचे अर्ज पाहिले तरी उत्तर कळते. लग्न आणि आजारपण यांच्या जोडीला ‘शाळेची फी’ हे कारण आता कायमचे येऊन बसले आहे.

आम्ही आधीच कबूल करतो. खाजगीकरणाविरुद्ध द्वारसभेत भाषणे करणाऱ्या आमच्यापैकी अनेकांची मुले खाजगी शाळेत आहेत. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. एका खोलीत दोन वर्ग, गळके छप्पर, सर्वेक्षणासाठी गावभर फिरणारे गुरुजी हे पाहिल्यावर कोणते आईबाप मुलाचे वर्ष पणाला लावतील?

पण पैसे मोजून तरी काय मिळते, हे पाहिले पाहिजे. घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, मूल न समजता पाठ करते, मग शिकवणी लावावी लागते. शिकवणारी बाई बहुधा तुटपुंज्या पगारावर, वर्षावर्षाच्या कराराने काम करते. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ठरवले होते. २००९ च्या दुरुस्तीने खाजगी शाळांतील शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, तर शाळाचालक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ मध्ये हरले. आपल्या फीचा पैसा कोठे जातो, याचा यावरून अंदाज यावा.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात तसा कायदा केला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सर्वांसाठी समान शाळा सुचवली. त्यानंतर शिक्षण हक्काचा कायदा यायला २००९ साल उजाडले. त्यातील खाजगी शाळांच्या २५ टक्के जागांनाही महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कात्री लावली होती. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली की खाजगी शाळेला सूट! मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली.

सरकारी शाळा ढासळली ती केवळ निधीअभावी नव्हे. तेथे भांडणारे पालकच उरले नाहीत. साहेबांची मुले आधी गेली, मग कायम कामगारांची. आता तेथे आहेत कंत्राटी कामगार, घरकामगार आणि स्थलांतरित मजुरांची मुले. त्यांच्या आईबापांना अर्धा दिवस बुडवून मुख्याध्यापकांना भेटणेही परवडत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अधिकाऱ्यांची मुले सरकारी शाळेत घालण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणाने. मग आम्ही संघटित कामगार या प्रश्नातून अंग कसे काढून घेणार?

म्हणून सांगणे एवढेच. फी भरण्यापूर्वी जवळची सरकारी शाळा चालू असताना एकदा जाऊन पाहा. तिसरीतले मूल वाचते का? पाणी व मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? शिक्षक किती? पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत, असे कायदा सांगतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. शाळा बरी असेल तर मूल तेथे घाला आणि समितीत जाऊन बसा.

खाजगी शाळाच निवडावी लागली, तरी फीवाढीचा हिशेब आणि शिक्षकांच्या पगाराची चौकशी करा. आणि आपले मूल तेथे नसले, तरी वस्तीतील सरकारी शाळेतील रिकामी शिक्षकपदे भरण्याची मागणी युनियनच्या मागणीपत्रात घाला. वेतनवाढ मिळवायची आणि ती फीत घालवायची, हा करार आम्हाला मान्य नाही.