नावे राहिली, सत्ता गेली

इ. स. पूर्व २७ मध्ये ऑगस्टसने राज्यकारभार सेनेट व जनतेच्या स्वाधीन केल्याचे जाहीर केले. सेनेट राहिली, कॉन्सल राहिले, निवडणुकाही होत राहिल्या. बहुतेक सैन्य आणि इजिप्तचा महसूल मात्र एकाच हाती एकवटला. राजधानीतील सुमारे २ लाख नागरिकांना फुकट धान्य मिळे आणि ग्लॅडिएटरांच्या झुंजींत त्यांचे मन रमे. इ. स. १४ मध्ये टायबेरियसच्या कारकिर्दीत अधिकाऱ्यांची निवड जनसभेकडून सेनेटकडे गेली, तेव्हा लोकांनी थोडी कुरकूर केली, एवढीच नोंद इतिहासकार टॅसिटसला करावी लागली. कारण त्या मताला तोवर काही मोल उरलेच नव्हते. लोकसत्तेच्या संस्था टिकल्या म्हणजे लोकसत्ता टिकली, असे मानणाऱ्यांनी रोमचा हा अनुभव विसरू नये.